सोडा, लेमन आणि थंडं

दौंड आणि शिरूर हे पुणे जिल्ह्यातले शेजारी तालुके. मध्ये भीमा वाहते. आमचं गाव भीमेच्या काठाला, दौंड तालुक्यात, आणि आईचं माहेर पलीकडं शिरूरच्या बाजूला. शिरूरला आमची जुनी माणसं शिरूर म्हणतच नसत, घोडनदी म्हणत. पल्ला फार नाही, पण नदी ओलांडली की बाटलीतल्या गॅसच्या पाण्याचं नाव बदलायचं. आमच्या घरात गोड आणि रंगीत ते ‘लेमन’. रंग लाल असो, पिवळा असो, नाहीतर पाण्यासारखा पांढरा असो, नाव लेमनच. बिनगोडाचा तो ‘सोडा’. आजोळी मात्र गोड-बिनगोड सगळ्याला मिळून एकच नाव, ‘सोडावाटर’. मामा जत्रेत विचारायचा, “सोडावाटर पितोस का रं?” आणि मी म्हणायचो, “नको, लेमन पायजे.” मामा हसायचा. म्हणायचा, “आलं दौंडचं सायेब!”

त्यात साहेबी काही नव्हती. ज्या वाटेनं वस्तू गावात येते, त्या वाटेवरचं नाव घेऊन येते, एवढंच.

घोडनदीला इंग्रजांची छावणी फार जुनी. पेशवाई अजून उभी होती तेव्हापासून तिथं पलटणी असत. कर्नल वॉलेस नावाच्या अधिकाऱ्याची १८०९ सालची कबर शिरूरला आहे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी निघाली ती याच छावणीतून. रातभर चालून ती सकाळी कोरेगावला पोचली आणि १ जानेवारीचा सगळा दिवस लढली. भीमा अगदी समोर, पण पाण्यापर्यंत जाता येईना. रात्र पडली तेव्हा कुठं घोटभर पाणी मिळालं. त्या तुकडीत आमच्या समाजाचे शिपाई होते, म्हणून ही हकिकत आमच्याकडं लहानपणापासून ऐकायला मिळते. लढाईचं वर्णन सांगणारा प्रत्येक म्हातारा त्या तहानेपाशी जरा थांबायचा.

सोडावॉटर हा अशा छावण्यांचाच शब्द. पाण्यात गॅस मुरवण्याची युक्ती इंग्लंडात जोसेफ प्रिस्टलीनं १७६७ साली दाखवली. श्वेप नावाच्या कारागिरानं १७८३ च्या सुमारास जिनिव्हात त्याचा धंदा मांडला. त्या काळी या पाण्यात खरोखरच सोड्याचा क्षार घालत, म्हणून ते सोडावॉटर. पुढं क्षार गेला, नाव राहिलं. गोऱ्या पलटणींबरोबर हे पाणी हिंदुस्थानात आलं आणि बनवायचा धंदा पारशी-इराणी मंडळींनी उचलला. मुंबईत पालनजींचा कारखाना १८६५ चा आणि ड्यूक्सचा १८८९ चा; पुण्याच्या लष्करात अर्देशीर यांचा १८८४ चा. लष्कर भागात शरबतवाला चौक नावाचा एक चौकच आहे. घोडनदीला रेल्वे नाही. जे काही यायचं ते पुणे-नगर रस्त्यानं यायचं. म्हणून आजोळच्या तोंडी लष्करी ‘सोडावाटर’ तसंच्या तसं टिकलं असावं, असा माझा अंदाज आहे.

दौंडची गोष्ट वेगळी. दौंड मोठं झालं ते रेल्वेमुळं. १८५८ साली गाडी पुण्याला आली, तिथून रूळ सोलापूरकडं निघाले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड रस्ता सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. इंग्रजीत तेव्हा त्याचं स्पेलिंग ‘धोंड’ असं होतं. जंक्शन म्हणजे गाड्या थांबणार, इंजिनं पाणी भरणार आणि माणसंही पाणी मागणार. फलाटावर खोके घेऊन फिरणारी पोरं एकेका जातीचं नाव ओरडत, “लेमन! जिंजर! सोडा!” गाडी हलायच्या आत गिऱ्हाईक गाठायचं तर नेमकं नाव सांगावं लागतं. आमचे तात्या रेल्वेत खलाशी होते. त्यांनी ती नावं फलाटावरून घरी आणली.

बाटली मात्र दोन्हीकडं एकच, गोटीची. हायरम कॉड नावाच्या इंग्रजानं १८७२ च्या सुमारास तिचं पेटंट घेतलं. तिला बूच नाही, झाकण नाही. गळ्यात एक काचेची गोटी आणि तोंडाशी रबराची चकती. बाटली भरताना उलटी धरायची. गोटी तोंडाशी येते आणि आतला गॅस तिला रबरावर दाबून बसवतो. जितका गॅस जास्त, तितकं तोंड घट्ट. फोडायची तर लाकडी दट्ट्यानं गोटी आत ढकलायची. फस्सकन आवाज होतो. गळ्याला दोन खोबणी असतात, त्यात गोटी अडकवून पितात, नाहीतर ती पुन्हा तोंडाशी येऊन वाट अडवते. ही अक्कल पहिल्याच बाटलीला प्रत्येकाला येते.

आपल्याकडं सोडा कुणी ‘उघडत’ नाही, फोडतो. नारळ फोडावा तसा. “चाचा, दोन सोडं फोडा!” असंच म्हणायचं. फुटलेल्या बाटलीतली गोटी मिळवण्यासाठी आम्ही पोरं गाड्याभोवती घिरट्या घालायचो. मोठ्या माणसांनी या बाटलीचा आणखी एक उपयोग शोधला होता. पुण्या-मुंबईच्या दंगलींच्या बातम्यांत ‘दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या’ ही जोडी ठरलेली असायची. आजोळचा शब्द मला पहिल्यांदा छापलेला दिसला तो असा.

आता खरी गोष्ट सांगतो. आमच्या वस्तीला गावच्या आडावर चढायला बंदी होती. कायदा १९५५ साली झाला, पण कायदा आडापर्यंत यायला बरीच वर्षं लागली. पाणी वरून ओतणार, आम्ही ओंजळ धरणार. गावातल्या हाटेलात आमच्यासाठी कप वेगळा. तो बाहेरच्या कोनाड्यात पालथा असायचा. आपण घ्यायचा, आपण विसळायचा आणि परत पालथा घालायचा. आज्जा सांगायचा, इंग्रजांच्या काळात स्टेशनावरसुद्धा ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशा दोन घागरी असत. आमच्या माणसानं दोन्हीकडं लांबच उभं राहायचं.

जत्रेतल्या सोड्याच्या गाड्यावर मात्र हे चालत नव्हतं. दौंडहून एक चाचा गाडा घेऊन यायचे. पाटलांचा मुलगा बाटली तोंडाला लावून प्यायचा. रिकामी बाटली बादलीत बुचकळून परत खोक्यात जायची. मग तात्या पुढं व्हायचे.

“काय देऊ?”

“एक साधा, एक लेमन. लेमन पोराला.”

आणि बाटली हातात यायची. वरून ओतणं नाही, कोनाडा नाही. मी पुष्कळ वर्षं यावर विचार केला. चाचा मोठे सुधारक होते असं नाही, तसे असते तर आनंदच आहे. पण बाटली महाग होती. ती कारखान्यात परत जायची, तिथं शेकडो बाटल्यांत मिसळायची, पुन्हा भरून कुठल्या गावाला जाईल याचा नेम नसायचा. कोणती बाटली कोणाच्या तोंडाला लागली याचा हिशेब कोण ठेवणार? कपाला खूण करता येते. परतीच्या बाटलीला खूण करणं कुणालाच परवडत नव्हतं.

दुसरं कारण नावातच होतं. सोडा हे ‘पाणी’ धरलंच जात नव्हतं. परधर्मीयाच्या हातचं पाणी न पिणारी जुनी सोवळी माणसंसुद्धा त्याच्या कारखान्यातला सोडा पीत. चहाची गोष्ट वेगळी होती. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढं आली, तिथं टिळक, रानडे अशी मंडळी होती, आणि त्यावरून केवढं ग्रामण्य झालं, प्रायश्चित्तं झाली. कोल्हापुरात शाहू महाराजांना गंगाराम कांबळे यांच्या हाटेलात जाऊन सगळ्यांदेखत चहा प्यावा लागला, तेव्हा लोकांना काय ते कळलं. सोड्यासाठी असं काही करावं लागलं नाही. आई एकदा म्हणाली, “पाणी म्हणलं की जात आडवी येती. सोडा म्हणलं की न्हाई येत.” आजोळच्या ‘सोडावाटर’मध्ये ‘वाटर’ म्हणजे पाणीच होतं, पण ते इंग्रजीत होतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सोडा, लेमन, जिंजर, पुढं आलेलं थंडं. यातल्या एकाही शब्दात ‘पाणी’ नाही, हे बघण्यासारखं आहे. १९७२ साली बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम काढली आणि गावोगाव हिंडले. दुष्काळाचं साल होतं. आडाचा प्रश्न आडावरच सोडवावा लागतो, बाटलीनं तो सुटत नाही, हे तेव्हा पुन्हा कळलं. तरी जत्रेतली ती एक बाटली तात्यांना किती मोठी वाटायची, हे मी पाहिलंय. ते सोडा बसून पीत नसत. चारचौघांत उभं राहून, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत पीत.

सोड्याला दुसरीकडून मात्र बदनामी चिकटली. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. दारू चोरून प्यायची झाली, पण सोडा उघड्यावर विकत मिळायचा. त्यामुळं भरदुपारी कुणी नुसता सोडा मागितला तरी म्हातारी माणसं त्याच्या तोंडाकडं बघायची. ‘बाटली’ हा शब्द तर पार वाया गेला. “त्याला बाटलीचा नाद हाय,” म्हटल्यावर कुणी लेमन समजत नाही. घरंदाज पाहुण्याला विचारायला नवा शब्द पाहिजे होता. तो पुढं मिळाला.

नावांचा हा घोळ फक्त आपल्याकडं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्ककडं याला ‘सोडा’ म्हणतात, मधल्या मुलखात ‘पॉप’ म्हणतात, आणि दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी कुठल्याही पेयाला ‘कोक’. कोक द्या म्हटलं की दुकानदार विचारतो, कुठला कोक? स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात सगळ्याच गॅसच्या पेयांना ‘जिंजर’ म्हणायची चाल आहे. आमच्या फलाटावरचं जिंजर तिकडं सगळ्या घराण्याचं आडनाव झालं म्हणायचं. तामिळनाडूत ‘कलर’ म्हणतात.

रंगावरून मागण्याची पाळी आमच्यावरही आली. १९७७ साली जनता पक्षाचं सरकार आलं, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि कोका-कोला कंपनी देश सोडून गेली. सरकारच्या मॉडर्न बेकरीनं ‘डबल सेव्हन’ काढलं, ते फार चाललं नाही. पार्लेचं थम्स अप आलं. गोल्डस्पॉट आधीपासून होतंच, लिम्काही होतं. या बाटल्यांना पत्र्याची बुचं होती, गोटी गेली. नावं इंग्रजी. आमच्या गावच्या दुकानात लोक सरळ रंग सांगायचे. काळं म्हणजे थम्सप, पिवळं म्हणजे गोल्डस्पॉट, पांढरं म्हणजे लिम्का. आणि सगळ्यांचं मिळून नाव पडलं ‘थंडं’.

हा शब्द चांगला आहे. ‘थंडी’ म्हणजे हिवाळा. हिंदीतला ‘ठंडा’ पुल्लिंगी. आमचं ‘थंडं’ नपुंसकलिंगी. माझ्या मते त्याच्यामागं ‘पाणी’ लपलेलं आहे. थंडं म्हणजे थंडं पाणी, पण पाणी हा शब्द बोलायचा नाही. ‘गार’ आणि ‘थंडं’ यांतही आमच्याकडं फरक असायचा. डेऱ्यातलं, माठातलं पाणी गार. बर्फातनं काढलेलं ते थंडं. एक घरचं, दुसरं विकतचं. या शब्दानं दौंड आणि घोडनदी एक केली. मामाही “थंडं घेतोस का?” म्हणू लागला. सोडावाटर म्हणणारी माणसं एकेक करून गेली आणि त्यांच्याबरोबर तो शब्दही गेला.

पण थंडं सगळ्यांसाठी नव्हतं. लग्नात दौंडहून बर्फाची लादी यायची, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून. पिंपात बर्फ फोडून घालायचा आणि त्यात बाटल्या बुडवायच्या. बाटल्या मोजून आणलेल्या असत, कारण रिकाम्या परत द्यायच्या. एक फुटली की अनामत गेली. एक माणूस नुसता पिंपावर बसलेला असे. नवरदेव, त्याचे मित्र, तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक, मानाचे पाव्हणे. एवढ्यांना अख्खी बाटली. बाकीच्यांना पाणी. मुलगी बघायला पाव्हणे आले की कुणीतरी धावत दुकानात जायचं. “पाव्हणं, च्या घेणार का थंडं?” पाव्हणे “काय बी चालंल” म्हणायचे आणि मग थंडंच आणावं लागायचं. चहा दिला तर कमीपणा.

या सगळ्यात बायका कुठं नव्हत्या. आमच्या चुलतीनं आयुष्यात किती पाव्हण्यांपुढं ताट धरलं असेल! ताटात बाटल्या उभ्या, बुचं काढलेली. ती ताट दारापर्यंत आणायची, पुढं बाप्याच्या हातात द्यायची. पाव्हणे गेल्यावर बाटलीच्या तळाशी राहिलेलं दोन जावा एका पेल्यात ओतून प्यायच्या. गॅस उडून गेलेला असायचा. चुलती म्हणायची, “गुळाच्या पाण्यावाणी लागतंय.” गडीमाणसांना तर तेवढंही नाही. आमच्या लोकांना बाटलीनं एक दार उघडून दिलं होतं, पण आमच्याच घरातल्या बायकांना ती त्याच दाराच्या आत उभं करत होती. हे आम्हाला कधी खटकलं नाही, आणि खटकायला हवं होतं.

दुसरी गंमत अशी, की आमचा मुलूख उसाचा. पाटसला भीमा कारखाना, पलीकडं न्हावऱ्याला घोडगंगा. केडगाव-यवतच्या बाजूला गुऱ्हाळं. गुऱ्हाळावर गेलेल्या माणसाला रस पाजल्याशिवाय परत पाठवायचं नाही, अशी रीत. रस पाहिजे तितका, फुकट. पण म्हणूनच त्याला मान नव्हता. शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या बोपगावकडच्या लोकांनी हाच रस शहरात नेला, चरकाला घुंगरं बांधली आणि कानिफनाथ, नवनाथ अशा पाट्या लावून रसवंत्या थाटल्या. पुण्या-मुंबईचे लोक पैसे मोजून तो प्याले. आमच्याकडं मात्र पाव्हण्याला रस दिला तर, “घरचाच व्हय?” म्हणून तोंड वाकडं. आपल्याच उसाची साखर कुठल्या तरी कारखान्यात जाऊन, काळी होऊन, बाटलीतनं आली की मग तिला मान.

१९९० साली पेप्सी देशात आली. आमच्या गावात मात्र ‘पेप्सी’ म्हणजे दुसरंच काही झालं. प्लास्टिकच्या बोटाएवढ्या नळीत रंगीत साखरपाणी भरायचं आणि गोठवायचं, तिचं नाव पेप्सी. शाळेपुढं आठ आण्याला मिळायची. गारेगारवाल्याचा धंदा तिनं बसवला. पुण्याहून सुट्टीला आलेल्या माझ्या भाच्यानं दुकानात जाऊन रुबाबात पेप्सी मागितली. दुकानदारानं विचारलं, “लाल देऊ का हिरवी?” आणि नळीचं टोक दातानं तोडून हातात दिली. भाचा नळी धरून तसाच उभा.

१९९३ साली कोका-कोला परत आली. तिनं पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्डस्पॉट विकत घेतलं. गोल्डस्पॉट हळूहळू दिसेनासं झालं, तरी आमच्याकडं नारंगी रंगाच्या कुठल्याही थंड्याला म्हातारी माणसं बरीच वर्षं गोल्डस्पॉटच म्हणत होती. पुढं टीव्हीवर ‘ठंडा मतलब कोका कोला’ लागलं. आमच्याकडं थंड्याचा मतलब कुणी विचारलाच नव्हता. थंडं म्हणजे थम्सपच होतं. आता बाजारात कॅम्पा पुन्हा आलंय, दहा रुपयांना. पोरांना ते नवं वाटतं.

काचेची बाटली गेली, तिच्याबरोबर अनामत गेली आणि परतीचा फेरा गेला. प्लास्टिकची बाटली पिऊन झाली की ओढ्यात पडते. गावात पाणीसुद्धा आता जारनं येतं. लग्नात ‘बिसलरी’ ठेवतात, मग ती कुठल्या का कंपनीची असेना. इथंही नावात पाणी नाही.

आणि थंडं आता मजुरीच्या बोलीत आलंय. कांद्याच्या लागणीला बायकांची टोळी ठरवताना हजेरीचा आकडा ठरतो आणि लगेच मुकादमीण म्हणते, “भाऊ, दुपारच्याला थंडं लागंल. आधीच सांगती.” दोन लिटरची बाटली द्यावी लागते, कधी दोन. उन्हाळ्यात त्यावरून टोळी आपल्या वावरात येणार की शेजाऱ्याच्या, हे ठरतं. गेल्या हंगामात आमच्या वावरात चौदा बायका होत्या, गावाच्या सगळ्या आळ्यांतल्या. दुपारी बांधावर बसल्या. भाकरी जिची तिची. पाण्याची बाटलीही जिची तिनं घरून आणलेली. एकीनं दुसरीच्या बाटलीला तोंड लावलं नाही. मग थंडं आलं. पेले तीनच होते. तेच चौदा जणींत फिरले. कुणी विसळले नाहीत. मुकादमीण सगळ्यात शेवटी प्याली, आणि तिला अख्खा पेला भरून मिळाला.